प्रोग्रॅमच्या मधोमध अकरा ओळी

भोरच्या कॉलेजात वीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवल्यावर विद्यार्थी मला काही नवं दाखवतील असं वाटत नव्हतं. मग वेल्ह्याहून एसटीने येणाऱ्या एका मुलीचा प्रोजेक्ट तपासायला घेतला. साध्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमच्या मधोमध अकरा ओळी थेट प्रोसेसरच्या भाषेत होत्या. हे आम्ही शिकवतच नाही.

"कुठून उतरवलंस? खरं सांग, नाहीतर नापास करीन."

"उतरवलं न्हाई, मॅडम. कंपायलर आपला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत कसा बदलतो, ते फायलीत काढून वाचलं. एका जागी तो उगाच लांबून जात हुता. तेवढंच म्या सुधारून आत घातलं."

मी त्या ओळी पुसल्या. "लिही परत."

तिने माझ्यासमोर न अडखळता लिहिल्या. प्रोग्रॅम चालला, आणि त्या ओळींशिवाय चालायचा त्याहून कितीतरी झटकन. मला धक्काच बसला.

"तुमी कंपायलरची ती फाईल कदी उघडलीच न्हाई व्हय, मॅडम?" तिने सहज विचारलं.

"नाही," मी म्हणाले. दुसरं काही सांगणं खोटं झालं असतं. तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि ती फाईल कशी काढायची, ते तिच्याकडूनच लिहून घेतलं.