कस्टडी

कौटुंबिक न्यायालयात मी इंग्रजी निकालांचा मराठी अनुवाद करायचे. एका दुपारी बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी मुठी आवळून बंद दाराकडे बघत होती. न्यायाधीशबाई तिच्याशी एकटीशी बोलणार होत्या. तिची आई वकिलांकडे गेली, तशी मुलीनं माझी ओढणी धरली.

“मावशी, माझी कस्टडी होणार ना? टीव्हीवर चोरांची होते तशी?”

मी गडबडले. शब्द माझ्या रोजच्या वापरातला, मूळचा लॅटिन. दुसऱ्याची वस्तू जपून ठेवायच्या जबाबदारीला रोमन कायदा हेच नाव द्यायचा, आणि कैदेलाही हाच शब्द होता. जपणं आणि कोंडणं इतकी शतकं एकाच शब्दात राहिली आहेत, हे मला पहिल्यांदाच टोचलं.

“तशी नाही गं. तुला कुणी सांभाळायचं, एवढंच ठरणार आहे.”

“मग बाबांशी बोलता येईल?”

“हे आत बाईंना विचार. घाबरू नकोस.”

तेवढ्यात पुकारा झाला. ती आत गेली आणि दार लागलं. व्हरांड्याच्या दोन टोकांना तिचे आईबाबा एकमेकांकडे न बघता उभे होते.

आठवड्यानं निकाल माझ्या टेबलावर आला. कस्टडी आईकडे, रविवारी मुलगी बाबांकडे. खाली एक ओळ होती : मुलीला वाटेल तेव्हा ती दोघांपैकी कुणालाही फोन करील, तिला कुणी अडवू नये. ही मागणी मुलीनं स्वतः केली, अशी नोंदही होती.

ती ओळ मी मराठीत उतरवली आणि उगाचच दोनदा वाचली.