रिकाम्या हाताचा पाहुणा

आमच्या अक्का आधी चुलीवर आधण ठेवायच्या आणि मग भाजी आणायला मळ्यात जायच्या. पाहुणा ओट्यावर टेकला, की "पाणी उकळंस्तवर आलेच," म्हणत टोपलं कमरेला लावून निघायच्या. परत येताना त्यात पावट्याच्या शेंगा, कांद्याची पात, दोन-चार कोवळी वांगी, जे हाताला लागेल ते असायचं. नव्वदच्या सुमारास मी बारामतीहून लग्न होऊन शेळगावला आले. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्या माहेरी पाहुणा यायचा म्हणजे आदल्या दिवसापासून धावपळ. इथे पाहुणा दारात आणि भाजी अजून वेलावर. पहिले काही महिने माझाच जीव वर-खाली व्हायचा.

त्यांच्या स्वयंपाकात फार काही नसायचंच. लसूण, मिरची, थोडं शेंगदाण्याचं कूट, संपलं. मी एकदा हौसेनं गरम मसाला जरा सढळ हातानं घातला, तर म्हणाल्या, "अगं, भाजीचं त्वांड तर दिसू दे." वरून गरम भाकरी आणि खरडा. पण ते जेवून कुणी नावं ठेवल्याचं मला आठवत नाही.

त्यांची दुसरी सवय मात्र चारचौघांना पचणारी नव्हती. पाहुणा कितीही मोठा असो, त्या त्याच्यापुढे धान्य पाखडायचं सूप शेंगांनी भरून सोलायला सरकवायच्या. कारखान्याचे शेतकी ऑफिसर एकदा कडक इस्त्रीत आले होते, त्यांनीही मुकाट्यानं पावटा सोलला आणि सोलता सोलता स्वतःच्या आईच्या आठवणी काढत बसले. आमचे थोरले दीर, आबा, वैतागायचे. "पाव्हण्याला कामाला लावतीस व्हय?" अक्कांचं उत्तर ठरलेलं होतं. "रिकाम्या हातानं बसलेलं माणूस भिंतीकडं बघतं. हातात शेंगा दिल्या की बोलाय लागतं."

मग त्यांच्या लेकीला, सुनंदाला, बघायला बारामतीचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा नोकरीला, नाव ठेवायला जागा नाही. आबांनी बजावून ठेवलं होतं, आज सूप बाहेर दिसता कामा नये. श्रीखंडसुद्धा बारामतीहून आणलं होतं. अक्का हो म्हणाल्या होत्या, पण हाताची खोड ती. मुलाची आई गप्प बसलेली दिसली आणि काही कळायच्या आत अक्कांनी सूप तिच्यापुढे सरकवलंसुद्धा. त्या बाईंनी जरीचा पदर सावरला आणि एका बोटानं सूप मागं लोटलं. "आमी जेवायला आलोय, सोलायला न्हाय." जेवण झालं, निरोप पाठवतो म्हणाले, आणि तो निरोप काही आला नाही.

"माझ्या हातानं पोरीचं मोडलं," अक्का एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी सूप माळ्यावर टाकलं. वर्षभर आमच्याकडे पाहुण्यांना बशीत फरसाण आणि बिस्किटं मिळाली. लोक ती खात आणि भिंतीकडे बघत. अक्कांकडे बघून मला वाईट वाटायचं.

पुढच्या थंडीत अंथुर्ण्याचं स्थळ आलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात हात पदरात गुंडाळून बसल्या होत्या, जणू ते हातच गुन्हेगार. सुनंदानं चहा दिला, मान खाली घालून आत आली आणि कुणाला न विचारता माळ्यावरून सूप काढलं. झटकलं, शेंगा ओतल्या आणि थेट मुलाच्या आईपुढे ठेवलं. "मावशी, एवढ्या सोलता का? कालवणाला कमी पडत्यात."

आबांनी डोळे मिटले. त्या बाई सुनंदाकडे बघत राहिल्या, मग कॉटवरून उतरून खाली मांडी घालून बसल्या. मूठभर शेंगा त्यांनी मुलाच्या ओंजळीत घातल्या. "तू काय बघतुयास? सोल की."

अक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाल्या, "आधण ठेव."

सुनंदा अंथुर्ण्याला सुखात नांदली. अक्का मात्र फार वर्षं राहिल्या नाहीत. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. त्यांच्या तेराव्यानंतर एका दुपारी मी सोप्यात बसले होते. घरात माणसं होती, पण बोलावंसं कुणाशीच वाटत नव्हतं. एवढ्यात सुनंदा आणि तिच्या सासूबाई आल्या. सासूबाईंनी खुंटीवरचं सूप काढलं, पिशवीतून आपल्या मळ्यातल्या शेंगा त्यात ओतल्या आणि माझ्याशेजारी बसून सूप माझ्याकडे सरकवलं.

"सोला," त्या म्हणाल्या. "भिंतीकडं बघू नगा."

पहिली शेंग सोलताना मला रडू आलं. मग आम्ही दोघी अक्कांबद्दल बोलायला लागलो. आत सुनंदानं आधण ठेवलं होतं.