ज्याचं पान, त्याचा शब्द

साडीच्या घडीत एक पुठ्ठा असतो. गिऱ्हाईक साडी उलगडून बघतं तेव्हा तो बाजूला पडतो आणि पुन्हा घडी घालताना बहुतेक वेळा आत जातच नाही. हिंदमात्याच्या साडीबाजारातल्या एका दुकानात गादीवर बसून साड्या दाखवणारे आनंदा घाडी असे पुठ्ठे पिशवीत भरून घरी आणत, कारण त्यांच्या बायकोला ते लागत.

"शेट इचारी होतो," एकदा ते म्हणाले, "आनंदा, तू साडये इकतस काय पुठ्ठे जमवतस?"

"सांगा त्याका, दोनय," मालनबाई पुठ्ठ्यावर पट्टी ठेवत म्हणाल्या.

डिलाईल रोडवरच्या एका मंडळाच्या मराठी शाळेत त्या पहिली-दुसरीला शिकवत. एकोणतीस वर्षं झाली होती. शाळेत सगळे त्यांना घाडीबाई म्हणत. पुठ्ठ्याची त्या पत्त्यांएवढी पानं कापत आणि त्यावर स्केचपेनने वर्गातल्या वस्तू काढत. खडू, डस्टर, बाक, खिडकी, हजेरीपट, टोकयंत्र. अशा तेरा वस्तू आणि प्रत्येकीची चार पानं. मग मुलांना जमिनीवर गोल बसवून त्या भिकार-सावकार खेळायला लावत. पान टाकायचं आणि टाकताना त्या वस्तूचं इंग्रजी नाव मोठ्याने घ्यायचं. खाली तसंच पान असेल तर सगळी गड्डी तुमची. नाव चुकलं तर पान परत हातात.

नियम एकच कडक होता. ज्याचं पान, त्यानेच बोलायचं. दुसऱ्याच्या पानावर जो बोलेल त्याचा डाव जाईल. हा नियम त्यांनी फार पूर्वी केला होता. तेव्हा अनिश नावाचा एक हुशार मुलगा प्रत्येक पानावर सगळ्यांच्या आधी ओरडायचा आणि बाकीच्यांचे शब्द तोंडातच राहायचे. नियम आल्यावर सगळ्यात हळू बोलणाऱ्या मुलीलाही "विंडो" म्हणायला हवा तेवढा वेळ मिळू लागला. बाकीची मुलं ओठ दाबून, डोळे मोठे करून तिच्याकडे बघत बसत. त्या शांततेचा बाईंना मनातून अभिमान होता.

इंग्रजीसाठी मुलं शाळा सोडतात, तर इंग्रजी इथेच येऊ दे, एवढाच त्यांचा विचार होता. मुलं तरीही जातच होती. त्या वर्षी पहिलीत वीस मुलं उरली. मार्चमध्ये मंडळाने फळ्यावर सूचना लावली, की दुसरीत वीस मुलं असतील तरच वर्ग चालेल, नाहीतर मुलं दुसऱ्या शाळेत आणि बाई मंडळाच्या कचेरीत. निवृत्तीला दोन वर्षं होती. कचेरीत शिकवायचं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात मयूर आला. वीस-बावीस वर्षांपूर्वी तोही याच जमिनीवर बसून पानं टाकायचा. आता लोअर परळच्या एका टॉवरमध्ये तो हाउसकीपिंगचा सुपरवायझर होता. त्याची मुलगी मनवा बाईंच्या वर्गात होती.

"बाई, एका इंग्लिश मीडियममध्ये सीट आहे. परत पहिलीत बसवतील, पण चालेल. तिकडे इंटरव्ह्यू म्हणत नाहीत, इंटरॅक्शन म्हणतात. चित्रं दाखवून विचारतात बहुतेक. तुम्ही जरा तयारी करून घ्याल?"

बाईंनी हातातली पानं सारखी केली तेव्हा तो हसला. "मला तुम्हीच शिकवलंत ना. साहेब 'रजिस्टर' म्हणाले की अजून तुमचं पान दिसतं."

"मग तिला का नेतोस?" बाईंनी विचारलं.

"रजिस्टरच्या पुढे येत नाही ना बाई मला," मयूर म्हणाला.

संध्याकाळी मुख्याध्यापक नाईकसरांनी त्यांना बोलावलं.

"घाडीबाई, मी तुम्हाला वाईट शिकवा म्हणत नाही. फक्त मयूरच्या मुलीला वेगळं शिकवू नका. मूल आपोआप राहील."

"मनवाने काय केलंय सर?"

"काही नाही. वर्गाने तरी काय केलंय?"

बाईंनी मनवाला आठ दिवस शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. समोरासमोर बसून दोघी डाव मांडत. मनवा पाय दुमडून बसायची आणि पान टाकताना शब्द असा स्वच्छ म्हणायची की बाई हरायला तयार असत. बाईंचं पान आलं की ती ओठ आत ओढून घ्यायची. शेवटच्या दिवशी तिला बावन्नच्या बावन्न पानं आली.

पुढच्या सोमवारी इंटरॅक्शन आटोपून मयूर मनवाला घेऊन आला तो मधल्या सुट्टीतच.

"एक शब्द बोलली नाही, बाई. मॅडम चित्रं दाखवतायत, दाखवतायत, आणि ही तोंड मिटून बसलीय. त्या म्हणाल्या, हिला एक्स्पोजरच नाही."

बाई मनवासमोर वाकल्या. "का गं, येत नव्हतं?"

"येत होतं," मनवा म्हणाली. "पण त्यांचं पान होतं ना. मी बोलले असते तर माझा डाव गेला असता."

वऱ्हांड्यात मुलं डबे खात होती. मयूरने मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तुम्हाला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "तिकडे चित्रं मॅडमच्या हातात असणार, एवढं तुम्हाला माहीत होतं."

"मयूर..."

"वीसचं मी वाचलंय, बाई. फळ्यावरच लिहिलंय."

तो गेला. नाईकसरांनी दुपारी स्वतःहून चहा पाठवला. बाईंनी तो घेतला नाही.

घरी त्यांनी आनंदांना सगळं सांगितलं.

"तुया मुद्दाम केलंस?" आनंदांनी विचारलं.

"नाय."

"मग झाला तर."

पण झालं नव्हतं. आठ दिवस त्या मुलीसमोर बसल्या होत्या आणि एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं, की तिकडे उलट खेळ असणार. की आलं होतं आणि त्यांनी ते मनातच राहू दिलं? भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्या स्वतःलाच विचारत राहिल्या. 'नाय' हे उत्तर दर वेळी येत होतं, पण दर वेळी थोडं उशिरा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्या इंग्रजी शाळेत गेल्या. काउंटरवरच्या मुलीने आधी बसा म्हटलं, मग विसरून गेली. दीड तासाने मॅडम भेटल्या. वयाने लहान होत्या आणि वाईट नव्हत्या. बाईंनी खेळ समजावला, नियम समजावला. "चूक माझी आहे, मुलीची नाही," त्या म्हणाल्या. "एकदा पुन्हा घ्या तिला. मी बाहेर बसते."

"तुम्ही तिच्या कोण?" मॅडमनी विचारलं.

"आत्ताच्या बाई."

मॅडमनी डायरी उघडली. मग त्यांनी गुरुवारची वेळ दिली.

बाईंचा निरोप मिळाल्यावर गुरुवारी मयूर मनवाला घेऊन आला, पण बाईंपासून दोन खुर्च्या सोडून बसला. आत जाण्याआधी बाईंनी मनवाला जवळ घेतलं. "इथे खेळ वेगळा आहे. पान त्यांचं, पण शब्द तुझा. थांबायचं नाही."

"डाव जाणार नाही?"

"नाही जाणार."

दार अर्धवट उघडं राहिलं होतं. आतून आवाज आला. चॉक. बेंच. विंडो. मध्ये जराही न थांबता, एकामागून एक. मयूर गुडघ्यांवर कोपर टेकून खाली बघत होता. बाईंना प्रत्येक शब्द ओळखीचा होता.

मनवाला तिकडे घेतलं आणि एप्रिलच्या शेवटी मयूर तिचा दाखला न्यायला आला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात बाईंनी 'पालकांची इच्छा' लिहिलं, तसं त्या नेहमीच लिहीत. नाईकसरांनी सही केली आणि शिक्का मारला. मयूरने दाखल्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"बाई, त्या दिवशी मी जे..."

"नाव तपासून घे," बाई म्हणाल्या. "नंतर बदलायला त्रास होतो."

त्याने तपासलं. नाव बरोबर होतं.

मनवा दारात उभी राहून रिकाम्या वर्गाकडे बघत होती. "बाई, उद्या पहिलं पान मी टाकायचं ना?"

मयूरने तिचा हात धरला. "चल," तो म्हणाला, "बाईंना काम आहे."

बाईंनी मान हलवली. दोघं जिना उतरेपर्यंत त्या हातात पेन धरून, काम असल्यासारख्या बसून राहिल्या.