जरा उजेडात बघू

माझ्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा इतरांचाच हक्क जास्त, हे मला फार लवकर कळलं. शाळेपासून पुटकुळ्या होत्याच. पुढे अंबरनाथच्या एमआयडीसीत सेफ्टी विभागात लागले, दिवसभर आवारात टँकरपाशी उभं राहायचं, त्यामुळे गालांवर उन्हाचे काळपट चट्टे आले. घरी येणारी प्रत्येक बाई पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत एक उपाय सांगायची.

शेवटी मीच उल्हासनगरच्या एका डॉक्टरणीकडे गेले. तिने आधीच बजावलं, "गोरं करायचं दुकान नाही माझं. पिंपल आणि डाग कमी होतील, बस." ती चेहऱ्याला औषध लावून बराच वेळ बसवून ठेवायची, मग डोळ्यांवर काळा चष्मा चढवून लाल दिव्याखाली झोपवायची. औषध कातडीत मुरलेलं असतं, म्हणून नंतर दोन दिवस ऊन वर्ज्य. "खिडकी के पास भी नहीं बैठना, समझी ना? ऊन लागलं तर जळेल." पहिल्या वेळी मी रजा टाकून, पडदे ओढून घरात बसले. पुटकुळ्या खरंच बसल्या. आरशात बघून मला आनंदाने रडू आलं.

आईच्या लेखी मात्र हे पार्लरचं फेशियल होतं. आमच्याकडे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फेशियल करतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोंड चमकतं. बुद्धविहारातल्या एका काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. आईने त्यांना माझ्या दुसऱ्या वेळच्या दिव्यानंतरचाच दिवस देऊन टाकला. मला सांगितलं ते मी दवाखान्यातून घरी आल्यावर.

"आई, मला उन्हात जायचं नाहीये. डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलंय ना तुला?"

"घरातच तर बसायचंय. आणि ट्रीटमेंटचं त्यांच्यासमोर काढू नकोस. पोरीत काहीतरी खोट आहे म्हणतील."

सकाळीच मी सगळे पडदे ओढून ठेवले. काकू पाहुण्यांना घेऊन आल्या, पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई राहून राहून पडद्यांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "ट्यूबलाइटमध्ये रंग कळत नाही हो. ये ग, जरा उजेडात बघू."

खरवईतली आमची बिल्डिंग नवी, समोर सगळं मोकळं, दुपारी गॅलरीत रणरणतं ऊन. मी आईकडे बघितलं. ती हसत म्हणाली, "जा ना, लाजतेस काय!" आणि पाठीला हात लावून तिने मला पुढे ढकललं.

त्या बाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे फिरवला. मग काकूंना बोलावलं. मग फोटो काढले. एवढं निरखून तर लोक भाजी घेतानाही बघत नाहीत. गालांना चटके बसत होते आणि मी दात आवळून उभी होते.

संध्याकाळपर्यंत चेहरा लालबुंद झाला, डोळे सुजले, उशीचा अभ्रासुद्धा गालाला सोसवेना. तेवढ्यात काकूंचा फोन आला, मुलगी पसंत आहे. आई फोन घेऊन धावतच आत आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आता जवळ घेईल.

"साखरपुड्यापर्यंत उतरेल ना ग हे?" ती म्हणाली.

दुखतंय का, हे तिने विचारलंच नाही. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि काकूंना सांगितलं, मला हे स्थळ नको.

सूज उतरली, उजव्या गालावर काळा डाग राहिला. त्या डॉक्टरणीच्या लाइटने पोरीचं वाटोळं केलं, असं आई येईल त्याला सांगते. परवा मावशी आली तेव्हाही तिने तेच सुरू केलं. मला राहवलं नाही.

"लाइटने नाही," मी म्हणाले, "तू ढकललंस."

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मावशीला म्हणाली, "ऐकलंस? हल्ली ही अशीच बोलते. म्हणून तर कुठे जमत नाही."