पाहुण्यांची घागर

वरवट बकालच्या बाजूला आमचं गाव. विहिरीचं पाणी असं खारट की त्यात डाळ शिजता शिजत नाही. नळाला गोडं पाणी येतं तेव्हा आई एक घागर वेगळी भरून ठेवते. ती पाहुण्यांची. तिला हात लावायची घरात कुणाची टाप नाही.

गेल्या वर्षी बाबांना वावरात चक्कर आली. रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि गोडंच पाणी प्यायला सांगितलं. तेव्हापासून बाबाही त्या घागरीचे पाहुणे झाले. पाणी आनंदानं प्यायले, मीठ मात्र सोडेनात. आईनं लोणच्याची बरणी कुठेही लपवली तरी ती त्यांना सापडायचीच. मी रागवायचे, पण खरं म्हणजे भ्यायले होते.

मी शेतीचं शिकून नुकतीच घरी आले होते. विहिरीजवळच्या तुकड्यात मिठामुळे काही येत नव्हतं. तिथं मी हरभरा घ्यायचं ठरवलं. झाडाच्या अंगात मुळातच असतं असं एक संजीवक बियाण्याला पाजलं, तर रोप खारेपणाला जरा बरं तोंड देतं, असं शिकले होते. त्या संजीवकाची चिमूटभर पांढरी पूड थोड्या स्पिरिटात विरघळवली आणि घागरीकडे वळले.

"पाव्हण्याचं पाणी हरभऱ्याले पाजून राह्यली तू?" बाबा ओट्यावरून ओरडले. "मंग त्याले पाट-चौरंगही मांड!"

"खाऱ्या पाण्यात भिजवून काय फायदा, बाबा?"

"त्या तुकड्यात हरभरा आला, तर मी बिनमिठाचं जेवीन. हाव, शब्द देतो."

आईनं स्वतः घागर कलती केली.

बियाणं भिजवून, सावलीत सुकवून पेरलं. उगवलं, पण विरळ. बाबा रोज सकाळी पाहून येत आणि एखादं पिवळं रोप दिसलं की हसत हसत खबर देत. लोणच्याची पूर्ण आशा होती त्यांना.

रोपांवर त्याच संजीवकाची एक फवारणी झाली होती. दुसरी करायची तेव्हाच मला मामेबहिणीच्या लग्नाला मेहकरला जावं लागलं. औषधाची बाटली फळीवर ठेवून गेले. आल्यावर पाहते तर घागर उपडी.

"पाव्हणे आले होते का?" मी आईला विचारलं.

"तुहा हरभरा आला होता," आई म्हणाली. "रोपं माना टाकून राह्यली होती. तुह्या बापाले पाहवलं नाही. पंपात घागर ओतून मारली फवारणी. स्वतःले प्यायले शेजारून तांब्याभर मागून आणलं."

"काऊन बाबा, पैज हरायची घाई झाली होती का?"

"तू चूप बस," ते म्हणाले.

हरभरा काही छातीएवढा वाढला नाही, पण उभा राहिला. त्याचे कोवळे शेंडे खुडून आईनं भाजी केली, मिठाचा कण न घालता. हरभऱ्याचा पाला मुळातच आंबट, त्यामुळे ती अगदीच अळणी लागत नव्हती. तरी पहिल्या घासाला बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"लोणचं देऊ?" मी मुद्दाम विचारलं.

"नको. पाव्हण्याचं पाणी पिऊन वाढला हाय हा हरभरा. मान ठेवा लागते त्याचा."

ताटात मिठाच्या जागी सवयीनं गेलेला हात त्यांनी हळूच मागे घेतला आणि भाकरी मोडली.