ऊसतोडीला गेलेली मंडळी

शहाद्याला आले तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. जवळच्या लोणखेड्याच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा मिळाली होती. राहायला शहाद्यात एका मुसलमान कुटुंबाच्या घरातली मागची खोली घेतली. त्यांचा कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा पिढीजात धंदा. घरमालकिणीला सगळी गल्ली चाची म्हणायची, मीही म्हणू लागले.

सोमवार ते शनिवार सोपे जायचे. रविवार जाता जायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या माझ्या गावी रविवारी देवळाची, म्हणजे चर्चची (आम्ही ख्रिस्ती लोक तिकडे देऊळच म्हणतो), पहिली घंटा झाली की आई केस विंचरायला घ्यायची आणि दुसऱ्या घंटेला आम्ही दाराबाहेर असायचो. बाहेरच्या पायरीवर सगळे एकमेकांना सलाम म्हणायचे. पन्नास वर्षं मी त्या एकाच बाकावर बसले. इथं सकाळी आंघोळ करून चांगली साडी नेसायचे आणि मग कुठं जावं ते न कळून खाटेवर बसून राहायचे.

कॉलेजात विचारलं, तर एकाने सांगितलं की नंदुरबारला मोठं चर्च आहे. एका रविवारी एसटीने गेले. पोचेपर्यंत उपासना अर्धी झाली होती. शेवटच्या बाकावर बसले, गीतं सगळी ओळखीची होती, ती म्हटली. बाहेर आल्यावर लोक आपापल्या माणसांशी बोलत उभे होते. मीही थोडा वेळ उभी राहिले आणि स्टँडवर परत आले. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी चाची माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारले तयार व्हयीसनी बठी ऱ्हातस. कोनी येनार शे का?"

मी खरं ते सांगितलं. त्यांच्याकडे रजया भरायला सातपुड्यातल्या काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरून इथं राहायला आलेली एक बाई यायची, ती रविवारी कामाला येत नसे, प्रार्थनेला जाते म्हणायची. चाचींनी डोक्यावरून ओढणी घेतली आणि म्हणाल्या, "चाला, मी दखाडी देस."

गावाबाहेर केळीच्या बागांच्या कडेला एका घरापुढे पत्र्याची शेड होती. आत सतरंजीवर तीसेक माणसं बसली होती. चाचींनी मला त्या रजईवाल्या बाईच्या स्वाधीन केलं, पाणी प्यायल्या आणि घरी गेल्या.

तो पहिला दिवस मला फार जड गेला. प्रार्थना त्यांच्या पावरी भाषेत, गीतंही पावरीत. मला येशूच्या नावापलीकडे काही कळेना. प्रार्थना चालवणारे पाळक स्वतः शेतकरी होते. माझ्याकडे पाहून त्यांनी उपदेशातली चार वाक्यं मराठीत सांगितली, तेवढीच माझ्या पदरात पडली. घंटा नाही, पेटी नाही, हातात गीतांचं पुस्तक नाही. डोळे मिटले की गावचं देऊळ दिसायचं आणि उघडले की पत्रा. मनात आलं, हे आपलं नव्हे.

तरी पुढच्या रविवारी गेले, कारण दुसरं काही नव्हतं. ती बाई सरकली आणि तिने मला आपल्या शेजारी जागा केली. शेवटी पाळकांनी एकेकाला विचारलं, कशासाठी प्रार्थना करायची? माझी पाळी आली. इथं आल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आईचे गुडघे फार दुखतात. मग सगळे एकदम आपापल्या शब्दांत माझ्या आईसाठी मोठ्याने मागू लागले. पुढच्या रविवारी जो भेटेल तो विचारत होता, आईचे गुडघे कसे आहेत?

त्या रजईवाल्या बाईला अक्षरओळख नव्हती, पण चाळीस-पन्नास गीतं पाठ होती, आणि शेडमध्ये गीतांना सुरुवात तीच करायची. मला वाचता-लिहिता येत होतं आणि त्यातलं एकही गीत येत नव्हतं. तेव्हा उपासना झाल्यावर आम्ही दोघी मागं बसायचो. ती एकेक ओळ सावकाश सांगायची, मी वहीत उतरवायची. अर्थ सांगताना तिचं मराठी अडायचं, मग ती हातांनी सांगायची. माझ्याहून वीस वर्षांनी लहान होती, मला दीदी म्हणायची. पोळा गेला, नवरात्र गेलं. रविवारची वाट पाहायला मी कधी लागले, ते मलाही कळलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी शेडमध्ये गेले तर सात माणसं होती. पाळक आणि त्यांची बायको, तीन म्हाताऱ्या, एक लंगडणारे आजोबा आणि मी. बाकी सगळी, मला गीतं सांगणारी तीसुद्धा, ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. आधीच्या रविवारी ती मला काहीतरी सांगत होती खरी, पण मला वाटलं चार दिवसांसाठी कुठं जाणार असेल. मी नुसती मान डोलावली होती.

घरी येऊन चाचींना सांगितलं. त्यांना त्यात नवल नव्हतं. "त्या दर साल जातस," त्या म्हणाल्या. "होळीले येतस."

आता शेडमध्ये सुरुवात कोण करणार हा प्रश्न होता. एका म्हातारीने माझ्या वहीकडे बोट दाखवलं. मी वाचून म्हणायला लागले, आणि माझे उच्चार ऐकून तिन्ही म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनीच सूर सावरला.

नाताळला मी गावी जाणार होते. रजा मंजूर झाली होती. आईला फोन केला तेव्हा बोलता बोलता या सगळ्याचं सांगितलं.

"किती जण आहात म्हणालीस?" आईने विचारलं.

"सात."

ती म्हणाली, "मग तू तिथंच राहा. इथं देऊळ भरलेलं असतं."

फोन ठेवल्यावर मी रडले. आईने ये म्हटलं असतं तर मी कुणाचंही न ऐकता गेले असते.

नाताळच्या सकाळी आम्ही सात जणांनी उपासना केली. दुपारी रजईवालीचा उसाच्या फडावरच्या झोपडीतून फोन आला. पाळकांनी स्पीकर लावला. तिकडे तिच्याबरोबर आणखी बायका होत्या. त्यांनी गीत सुरू केलं, आम्ही इकडून धरलं, पण आवाज उशिरा पोचत होता आणि आमच्या ओळी काही जुळेनात. शेवटी आम्ही थांबलो आणि नुसतं ऐकलं.

होळीला बरीचशी माणसं परतली. शेड पुन्हा भरली. ती मात्र आली नाही. नवऱ्याला सुरतेला बांधकामावर काम मिळालं, दोघं तिकडेच गेली. पावसाळ्यात येईन म्हणाली, नंतर दिवाळीला म्हणाली. चाचींनी रजया भरायला दुसरी बाई ठेवली. शेडमध्ये सुरुवात आता मी करते. उच्चार पूर्वीपेक्षा बरे आहेत म्हणतात.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. मी गावी परत गेले का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं, इथंच आहे. तिथं सुरतेत प्रार्थनेला कुठं जातेस, असं मी विचारलं.

"अजून सापडलं नाही, दीदी," ती म्हणाली. "शोधतेय."