सर्कलवरचा पंजा

लिंबायतला आमच्या गल्लीच्या चौकात रिक्षांचा वेग कमी व्हावा म्हणून एक छोटं सर्कल बांधलं. छोटं म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढं. मी म्हणालो, "त्यापेक्षा लोकांनी हॉर्न ऐकून बाजूला व्हावं की!" वडील म्हणाले, "काय?" जन्मभर लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, काम करून त्यांचे कान गेलेत. निम्म्या गल्लीचे गेलेत. रिक्षावालेही बहुतेक लूम सोडून आलेले. हॉर्न वाजवणाऱ्यालाच तो ऐकू येत नाही.

सर्कलमुळे रिक्षा हळू झाल्या आणि लोकांना एकमेकांची तोंडं दिसू लागली. मग हात सुरू झाले. खात्यातल्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनीच बोलतात. वडील रस्ता ओलांडताना पंजा आडवा धरून दोनदा खाली दाबतात. म्हणजे लूम बंद कर, हे मला मागाहून कळलं. समोरची रिक्षा जागच्या जागी थांबते. बांधणाऱ्यांना वाटतं, ही सिमेंटची कमाल.

परवा समोरून स्कूटरवर मी आलो. वडिलांनी पंजा दाबला. मला वाटलं, सावकाश जा म्हणताहेत. मी मान हलवली आणि त्यांच्या चपलेला घासून पुढे गेलो.

घरी येऊन वर मीच ओरडलो, "बाजूला व्हायला काय होतं तुम्हाला?" माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं.

"तुले कसं समजी?" ते म्हणाले.

मी लूमवर जाऊ नये म्हणून त्यांनी मला खात्याच्या दारातसुद्धा कधी उभं केलं नव्हतं.